कापड निजामपुऱ्याचे, नाव कोणाचे?

भिवंडी : येथील महापालिकेच्या नावात भिवंडीच्या जोडीने निजामपूरही आहे, मात्र येथे विणलेल्या कापडावर या दोहोंपैकी एकही नाव सहसा आढळत नाही. निजामपुरा आणि आसपासच्या गल्ल्यांतील यंत्रमागांवर प्रामुख्याने कोरे, म्हणजे बाजाराच्या भाषेत 'ग्रे', कापड निघते. व्यापाऱ्याने सूत द्यायचे आणि मागवाल्याने मजुरीवर कापड विणून परत करायचे, ही येथील जुनी रीत. रंगाई-छपाई दुसरीकडे होते आणि दुकानात पोहोचेपर्यंत ताग्यावर तिसऱ्याचेच नाव चढलेले असते. यात कायद्याचा भंग होतो असे नाही. किंबहुना कायद्यानेच या रीतीला वाट मोकळी ठेवली आहे, याची चर्चा फारशी होत नाही.

१५ सप्टेंबर २००३ पासून अमलात आलेल्या १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्यात कापडासाठी स्वतंत्र प्रकरण आहे. कारखान्यात विणलेला, रंगवलेला वा छापलेला तागा विक्रीसाठी बाहेर काढताना त्यावर लांबीसह नाव छापलेले असावे, असे कलम ८१ सांगते. परंतु हे नाव उत्पादकाचे, अखेरची प्रक्रिया करणाऱ्याचे अथवा घाऊक खरेदीदाराचे, यांपैकी कोणाचेही चालते. या तिघांत मागवाल्याची बाजू सर्वांत लंगडी, त्यामुळे त्याचे नाव गळते. शिवाय लहान मागशाळा 'कारखाना' या व्याख्येत बसतेच असे नाही. ताग्याच्या टोकाशी विणलेल्या रंगीत रेघांवरून जाणकार माल ओळखतात, पण केवळ अशा रेघांना कलम ८० नुसार व्यापारचिन्ह म्हणून नोंदणी मिळत नाही.

मग स्वतःचे नाव नोंदवावे, तर खर्च आवाक्याबाहेरचा नाही. २०१७ च्या नियमांनुसार व्यक्ती वा लघुउद्योगाला ऑनलाइन अर्जासाठी प्रत्येक वर्गामागे ४,५०० रुपये शुल्क आहे. कापड २४ व्या वर्गात, तयार कपडे २५ व्या वर्गात मोडतात. अर्ज स्वीकारला गेल्यावर नियतकालिकात प्रसिद्धी होते, हरकतींसाठी चार महिने मिळतात आणि नोंदणी दहा वर्षे टिकते. पुढे नूतनीकरण करता येते. अडचण निराळीच आहे. नोंदणीनंतर सलग पाच वर्षे चिन्ह वापरात नसेल, तर ते रद्द करण्याची मागणी करता येते. मजुरीवर दुसऱ्याचे सूत विणणाऱ्याने प्रमाणपत्र भिंतीवर लावले, तरी विकायला स्वतःचा तागाच नसेल तर त्या कागदाला अर्थ कितीसा उरणार?

वापराचे मोल किती, हे पुण्यातील 'बर्गर किंग' खटल्यातून दिसले. अमेरिकी कंपनीची भारतातील नोंदणी १९७९ ची, पण तिचे पहिले दुकान येथे २०१४ मध्ये उघडले. पुण्यातील उपाहारगृह मात्र १९९२ पासून त्याच नावाने सुरू होते. २०२४ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने कंपनीचा दावा फेटाळला. डिसेंबरमध्ये उच्च न्यायालयाने अपिलाच्या निकालापर्यंत उपाहारगृहाला ते नाव वापरण्यास मनाई केली आणि मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या मनाईला स्थगिती दिली. नोंदणी आणि प्रत्यक्ष वापर यांतील ही ओढाताण पाहता जुनी बिले व पावत्या जपून ठेवलेल्या बऱ्या.

साड्यांच्या खोक्यांवर नटनट्यांची छायाचित्रे छापणाऱ्यांनीही सावध असावे. हयात व्यक्तीचे नाव चिन्हात आल्यास निबंधक तिची लेखी संमती मागू शकतो. दिल्ली उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये अनिल कपूर यांचे नाव, आवाज आणि 'झकास' हा त्यांच्या ढंगातील उद्गार परवानगीविना धंद्यासाठी वापरण्यास मनाई केली. २०२५ मध्ये आशा भोसले यांनाही मुंबई उच्च न्यायालयाकडून अंतरिम संरक्षण मिळाले.

नामवंतांना एकट्याने न्यायालय गाठणे परवडते. चार-सहा मागांच्या मालकाला ते कठीण. त्याच्यासाठी कायद्यात सामूहिक चिन्हाची तरतूद आहे. मागवाल्यांची संघटना एकच चिन्ह नोंदवू शकते आणि सभासद ते आपल्या मालावर वापरू शकतात. नुसते 'भिवंडी' वा 'निजामपूर' हे गावाचे नाव नोंदवणे अवघड, कारण स्थळनामावर सहसा कोणा एकाला हक्क मिळत नाही. त्यास वेगळ्या शब्दाची वा आकृतीची जोड हवी. अर्जासोबत नियमावलीही द्यावी लागते : चिन्ह कोणी वापरायचे, कोणत्या अटींवर, आणि हलका माल त्याखाली खपवणाऱ्या सभासदाचे काय करायचे.