औषधखरेदीचे दुखणे आणि नामांतराचे उपचार

नागपूर जिल्ह्यातील कळमेश्वरच्या ग्रामीण रुग्णालयातून २०२३ च्या मार्च महिन्यात अन्न व औषध प्रशासनाने सिप्रोफ्लॉक्सॅसिन या प्रतिजैविकाच्या गोळ्यांचे नमुने घेतले आणि ते मुंबईच्या शासकीय प्रयोगशाळेकडे पाठविले. अहवाल हाती आला डिसेंबरमध्ये. त्या गोळ्यांत औषधाचा अंशही नव्हता. गोळ्या आल्या होत्या नागपूरच्या इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या भांडारातून. २०२४ च्या फेब्रुवारीत त्या भांडारातील सुमारे २१,६०० गोळ्या जप्त करण्यात आल्या. वेष्टनावर ज्या कंपनीचे नाव छापले होते, ती कंपनीच अस्तित्वात नव्हती. पुढे तपासात निष्पन्न झाले की, गोळ्या शंखजिऱ्याची भुकटी आणि पिष्ट यांच्या मिश्रणाच्या होत्या.

या प्रकरणाची बातमी झाली, अटका झाल्या, आरोपपत्रही दाखल झाले. पण ज्या गोष्टीने शासनकर्त्यांची झोप उडावयास हवी होती, ती मात्र बातमीच्या गदारोळात हरवून गेली. हे औषध मागच्या दाराने रुग्णालयात शिरलेले नव्हते. रीतसर निविदा जिंकलेल्या पुरवठादारामार्फत, शासनाच्या पैशाने ते सन्मानपूर्वक पुढच्या दाराने आले होते. आणि मार्च ते डिसेंबर या नऊ महिन्यांत ज्या गोळ्या रुग्णांच्या पोटात गेल्या, त्या कोणालाही जप्त करता येणार नाहीत. जंतुसंसर्ग झालेल्या शेतमजुराला पाच दिवस शंखजिरे खाऊ घालणारी व्यवस्था कागदोपत्री निर्दोष असू शकते, हे या प्रकरणाने सिद्ध केले. २०२४ च्या अखेरीस अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयात बनावट ॲझिथ्रोमायसिनचे प्रकरण उघडकीस आले, तेव्हा ही केवळ नागपूरची गोष्ट नाही, हेही स्पष्ट झाले.

महाराष्ट्राला हा धडा नवा नाही. १९८६ च्या जानेवारी-फेब्रुवारीत मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळयुक्त ग्लिसरॉल दिल्यामुळे चौदा रुग्ण दगावले. डायएथिलीन ग्लायकॉल हे औद्योगिक वापराचे विषारी द्रव्य त्यात मिसळलेले होते. न्यायमूर्ती बख्तावर लेन्टिन यांच्या आयोगाने अत्यंत परखड अहवाल दिला. रुग्णालयाच्या खरेदीपासून अन्न व औषध प्रशासनापर्यंत आणि तेथून थेट मंत्रालयापर्यंत कोणाचीही त्यांनी गय केली नाही. आरोग्यमंत्री भाई सावंत यांना पद सोडावे लागले. विधिमंडळ दणाणले, वृत्तपत्रांचे रकाने भरले. त्यानंतर तो अहवाल मंत्रालयाच्या ज्या कपाटात गेला, त्या कपाटाची किल्ली बहुधा कोणाला सापडली नसावी.

किल्ली सापडली नाही, पण पाट्या मात्र पुष्कळ रंगविल्या गेल्या. पूर्वी आरोग्य खाते स्वतः खरेदी करीत असे, वैद्यकीय शिक्षण खाते आपली वेगळी. त्यात घोटाळे होतात म्हणून २०१७ साली खरेदीचे काम हाफकिन जीव-औषध निर्माण महामंडळाकडे सोपविण्यात आले. प्लेगच्या साथीत मुंबईला आधार देणाऱ्या वॉल्डेमार हाफकिन यांचे नाव लावणारी ही संस्था लस बनविण्यात मुरलेली. निविदा काढणे, भांडारे सांभाळणे, पुरवठादारांची देयके चुकती करणे हा तिचा पिंडच नव्हता. उत्तम स्वयंपाक करणाऱ्या माउलीला बाजार समितीच्या लिलावाला उभे करावे, तसा हा प्रकार झाला. खात्यांनी पैसे जमा करावयाचे, हाफकिनने खरेदी करावयाची आणि रुग्णालयांनी वाट पाहावयाची, असा क्रम काही वर्षे चालला. मग २०२३ मध्ये कायदा करून महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण स्थापन करण्यात आले.

त्याच वर्षी, ३० सप्टेंबर आणि १ ऑक्टोबरच्या दरम्यान, नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात चोवीस तासांत चोवीस मृत्यू झाले. त्यांत बारा नवजात अर्भके होती. औषधांचा तुटवडा होता की नव्हता, यावर रुग्णालय आणि मंत्री यांच्यात जाहीर मतभेद झाले. एका खासदार महोदयांनी अधिष्ठात्यांच्या हाती झाडू देऊन स्वच्छतागृह साफ करून घेतले आणि त्याचे चित्रणही सर्वांनी पाहिले. ज्या व्यवस्थेत औषधाचा निर्णय मुंबईत अडतो, तिचा राग नांदेडच्या वैद्यावर काढणे सोपे असते. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, तेव्हा नव्या प्राधिकरणाला पूर्णवेळ मुख्य कार्यकारी अधिकारी का नाही, असा प्रश्न न्यायासनाला विचारावा लागला. कायदा झाला होता, पाटी लागली होती. खुर्चीत पूर्णवेळ माणूस तेवढा बसावयाचा राहिला होता. हे सरकार आपल्या विचारांच्या माणसांचे आहे म्हणून या गोष्टीकडे डोळेझाक करणे, हा विचाराशीच द्रोह ठरेल.

मुळात दुखणे कोठे आहे, ते नीट पाहिले पाहिजे. शासकीय औषधखरेदीत वर्षानुवर्षे दर करार नावाची पद्धत रूढ आहे. तीत औषधाचा दर ठरतो. किती लागेल आणि केव्हा लागेल, याची बांधिलकी ठरत नाही. पुरवठादार निविदा पदरात पाडून घेण्यासाठी तळाचा दर देतो. औषधांचा कच्चा माल मोठ्या प्रमाणावर चीनमधून येतो. तिकडे भाव चढला की इकडे पुरवठादाराचे हात आखडतात. मागणीपत्र जाते, स्मरणपत्र जाते, पुन्हा स्मरणपत्र जाते. दरम्यान रुग्णालयातला डॉक्टर बाहेरच्या दुकानाची चिठ्ठी लिहून मोकळा होतो आणि रुग्णाचा भाऊ गळ्यातले किंवा गोठ्यातले काहीतरी मोडायला निघतो.

यापेक्षाही गंभीर गोष्ट देयकांची आहे. शासन पैसे वेळेवर देत नाही, ही जगजाहीर कीर्ती एकदा झाली की चांगला उत्पादक त्या निविदेकडे फिरकत नाही. ज्याचे नाव बाजारात आहे, ज्याला खुल्या बाजारात रोख गिऱ्हाईक आहे, त्याने आपले भांडवल वर्षभर शासनाच्या फायलीत का अडकवावे? मग उरतो तो मधला दलाल. त्याच्याकडे कारखाना नाही, प्रयोगशाळा नाही. आहे ती फक्त देयक मंजूर करून घेण्याची हातोटी. त्या हातोटीची किंमत तो औषधातून वसूल करतो. सर्वांत कमी दराची निविदा स्वीकारण्याचा नियम शासनाचे पैसे वाचावेत म्हणून केलेला आहे, पण उधारीवर चालणाऱ्या खरेदीत तोच नियम सर्वांत बेडर माणसाला निवडून काढतो. शंखजिऱ्याची गोळी बनविणाऱ्याशी दराच्या स्पर्धेत कोणता प्रामाणिक उत्पादक टिकणार?

हे सारे अटळ आहे, असे सांगणारे अनुभवी लोक मंत्रालयात पुष्कळ भेटतात. द्रविडी राजकारणाविषयी राष्ट्रीय विचारांच्या माणसाचे मत काहीही असो, याबाबतीत तमिळनाडूकडून शिकण्यात कमीपणा नाही. त्या राज्याने १ जुलै १९९४ रोजी वैद्यकीय सेवा महामंडळ स्थापन केले आणि पुढच्या वर्षारंभी औषधवाटप सुरू केले. आधी शेकडो औषधांची यादी छाटून सुमारे अडीचशे अत्यावश्यक औषधांवर आणली. दलालांना वगळून थेट उत्पादकांकडूनच निविदा मागविल्या. तांत्रिक पात्रतेचा लिफाफा आधी उघडावयाचा, त्यात जो उत्तीर्ण होईल त्याचाच दराचा लिफाफा नंतर. माल जिल्ह्याच्या भांडारात आला की तो लगेच वाटला जात नाही. प्रत्येक उत्पादन-गटाचा नमुना काढून, त्यावरील कंपनीचे नाव झाकून, सांकेतिक क्रमांक घालून तो प्रयोगशाळेकडे जातो. कोणाचे औषध तपासत आहोत, हे तपासणाऱ्यालाच ठाऊक नसते. अहवाल चांगला आला तरच माल बाहेर पडतो आणि मगच पैसे मिळतात. पण ते मिळतात हे नक्की. प्रत्येक रुग्णालयाला बँकेसारखे खातेपुस्तक दिलेले असते. आपल्या वाट्याच्या रकमेतून काय उचलले आणि काय शिल्लक आहे, हे खेड्यातल्या वैद्यकीय अधिकाऱ्यालाही कळते. पाकिटांवर शासनाची मुद्रा असते, त्यामुळे ती दुकानात विकणे कठीण होते. या सगळ्यात चंद्रावर जाण्याइतके अवघड असे काहीच नाही.

आणि तमिळनाडूचे नाव घ्यावयाचे नसेल, तर दिल्लीचे घ्यावे. १९९३ साली दिल्लीत भाजपचे शासन आले आणि डॉ. हर्षवर्धन आरोग्यमंत्री झाले. त्यांची पल्स पोलिओ मोहीम सर्वांना आठवते. पण त्याच काळात, १९९४ मध्ये, दिल्लीने औषध धोरण स्वीकारले, हे फारसे कोणी सांगत नाही. डॉ. रणजित रॉय चौधरी यांच्यासारख्या औषधशास्त्रज्ञाला सोबत घेऊन अत्यावश्यक औषधांची यादी ठरविण्यात आली, साऱ्या रुग्णालयांची खरेदी एकत्र झाली, गुणवत्तेची पारख आधी आणि दर नंतर हा शिरस्ता पडला. खर्चात सुमारे तीस टक्के बचत झाली आणि औषधेही मिळू लागली. जागतिक आरोग्य संघटनेने ज्याला नावाजले, ते हे काम आपल्याच परिवारातील एका वैद्याच्या हातून झाले. आणि आपल्याच परिवाराने ते विसरून जावे, हे दुर्दैव आहे. राजस्थानात २०११ च्या गांधी जयंतीला काँग्रेस शासनाने मोफत औषध योजना सुरू केली, तीही महामंडळाच्या याच पद्धतीवर. गुण घेताना पक्षाचा रंग पाहण्याची गरज नाही.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवली पाहिजे. चांगली खरेदी म्हणजे चांगले औषध नियंत्रण नव्हे. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाड्याच्या परिसरात खोकल्याच्या औषधाने अनेक बालके दगावली, त्यांतील कित्येकांवर नागपुरात उपचार झाले होते. त्या औषधात सापडले ते जे. जे. रुग्णालयातलेच विष, डायएथिलीन ग्लायकॉल. ते औषध शासनाने खरेदी केलेले नव्हते आणि त्याचा कारखाना तमिळनाडूतच होता. कारखान्यांवर देखरेख ठेवणारे खाते निद्रिस्त असेल, तर खरेदी महामंडळाची चाळणी ही शेवटची चाळणी उरते. महाराष्ट्रात तर तीही फाटकी आहे.

प्रत्येक मालाची आधी तपासणी करीत बसलो तर पुरवठा खोळंबेल, असा एक युक्तिवाद अधिकारी नेहमी करतात. त्याला उत्तर केंद्र शासनाच्याच योजनेत आहे. जनऔषधी केंद्रांतून विकल्या जाणाऱ्या औषधांचा प्रत्येक उत्पादन-गट मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासूनच दुकानात जातो. २०२५ च्या प्रारंभी या केंद्रांची संख्या पंधरा हजारांवर गेली. देशाच्या कानाकोपऱ्यातल्या दुकानांना जे साधते, ते राज्याच्या जिल्हा भांडारांना साधू नये?

साधत नाही, कारण ते साधू नये असे वाटणारे पुष्कळ आहेत. खरेदी विखुरलेली असली की सह्यांची संख्या वाढते आणि प्रत्येक सहीला भाव असतो. उत्तर प्रदेशात मायावतींच्या राजवटीत राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाच्या पैशावर कशी झुंबड उडाली, ते देशाने पाहिले. २०१०च्या ऑक्टोबरात आणि २०११च्या एप्रिलात लखनौमध्ये एकामागून एक दोन मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांचे खून पडले. रुग्णांच्या औषधपाण्याच्या पैशापायी वैद्याने प्राण गमवावा, इतकी त्या कंत्राटांना किंमत होती. महाराष्ट्रात गोळ्या झाडल्या गेल्या नाहीत, एवढ्यावर कोणी स्वतःची पाठ थोपटून घेऊ नये.

चिपळूणच्या छावणीतील अधिकाऱ्यांना छत्रपती शिवाजी महाराजांनी लिहिलेले पत्र मराठी माणूस अभिमानाने आठवतो, ते रयतेला उपद्रव देऊ नका या आज्ञेसाठी. त्या पत्राचा दुसरा भाग क्वचितच कोणी वाचतो. दाणा-वैरणीचा साठा पावसाळाभर कसा पुरवावा, आजच उधळला तर पुढे काय ओढवेल, याची बारकाईने दिलेली समज त्यात आहे. राज्याभिषेकाच्या सुमाराचा तो राजा घोड्यांच्या वैरणीचा हिशेब स्वतः घालीत होता. त्यांचे नाव घेऊन चालणाऱ्या राज्यात सर्पदंशावरील लस कोणत्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किती शिल्लक आहे, हे पावसाळ्याच्या तोंडावर पालकमंत्र्यांना तोंडपाठ असावयास हवे. संगणक प्रणाली आहे. ई-औषधीवर साठ्याची नोंद करावयाची सोय आहे. नोंद खरी असते की मार्चअखेरीस एकदम बसून केलेली असते, हे पाहणारे कोणी नाही.

रुग्णालयाच्या दारात सेवा करणाऱ्यांची आपल्याकडे वाण नाही. परळला नाना पालकर स्मृती समिती रुग्णांच्या आप्तांना आसरा देते. लातूरचे विवेकानंद रुग्णालय, छत्रपती संभाजीनगरचे हेडगेवार रुग्णालय ही कामे समाजाने डोळ्यांनी पाहिली आहेत. परंतु शासनाच्या रुग्णालयात जाणारा माणूस संख्येने यांच्या कित्येक पट आहे, आणि अंत्योदयातला अंत्य तोच आहे. औषधाची एक पाकीटभर मदत त्याला देण्याबरोबरच, ते पाकीट शासनाने का दिले नाही हा प्रश्नही कार्यकर्त्याने विचारला पाहिजे. ग्रामीण रुग्णालयांना रुग्ण कल्याण समित्या आहेत, त्यांवर स्थानिक प्रतिनिधी असतात. त्या बैठकांत खुर्च्या-पंख्यांच्या खरेदीवर तासभर चर्चा होते आणि औषधांवर पाच मिनिटे. तेथे अत्यावश्यक यादीतील किती औषधे आज शिल्लक नाहीत, ती शेवटची केव्हा आली होती आणि बाहेरची चिठ्ठी किती जणांना द्यावी लागली, हे लेखी मागता येते. दिले नाही तर २००५ चा माहितीचा अधिकार आहेच. आणि भांडारपालाच्या नोंदवहीत आवक आणि वाटप या दोन्हींच्या तारखा असतात. त्यांच्याशेजारी प्रयोगशाळेच्या अहवालाची तारीख मांडून पाहावी. कळमेश्वरच्या गोळ्यांच्या बाबतीत कोणी ती वेळेवर मांडली असती, तर डिसेंबरची वाट पाहावी लागली नसती.