कागलची लेक आणि बर्लिनचा कारागीर

आपल्याकडे घर बांधताना भिंतींचा विचार वर्षभर चालतो आणि खुर्च्यांचा शेवटच्या आठवड्यात. निदान कोल्हापूरकरांनी तरी असे करू नये. आधुनिक फर्निचरच्या इतिहासात गाजलेल्या एका घराची मालकीण आपल्या कागलची होती!

संयोगितादेवी ही कागलच्या घाटग्यांची लेक. इंदूरच्या यशवंतराव होळकरांना ती दिली होती. यशवंतराव ऑक्सफर्डला शिकत असताना त्यांची गाठ एकार्ट मुथेसियस या जर्मन तरुणाशी पडली. एकार्टचा जन्म १९०४ चा. वडील हेरमान हे बर्लिनचे नामांकित वास्तुशिल्पी. मुलाचे नाव मात्र अजून व्हायचे होते. तरीही राजाने आपला माणिकबाग महाल त्याच्या हाती सोपवला. राजा बाविशीच्या आतबाहेरचा, राणी त्याहून लहान आणि कारागीर पंचविशीचा! वडीलधाऱ्यांनी कपाळाला हात लावावा असाच हा बेत.

१९३० ते १९३३ या काळात महाल सजला. सोनेरी सिंहासनी थाट नाही, कोरीव सिंहांचे पाय नाहीत. सरळ रेषा, काच, धातू आणि हवा थंड ठेवण्याची यंत्रणा. पॅरिसच्या नामवंतांकडूनही सामान आले. ग्रंथालयासाठी एकार्टने लाल आरामखुर्च्या केल्या आणि वाचायचा दिवा खुर्चीतच बसवला. दिवा माणसाजवळ आला. माणसाला दिव्याजवळ सरकावे लागले नाही. आपल्या आजीच्या पाटामागे हीच अक्कल होती: बसणाऱ्याची सवय आधी, शोभा नंतर.

पण सुख फार टिकले नाही. १९३७ साली संयोगितादेवी ऐन तारुण्यात स्वित्झर्लंडमध्ये वारल्या. महायुद्ध आले आणि एकार्टची इंदूरची कामगिरी संपली. १९६१ साली यशवंतराव गेले. १९८० साली महालातील सामान मोनॅकोत लिलावात निघाले व देशोदेशी पांगले. महालात कर खात्याची कचेरी आली. एकार्ट १९८९ पर्यंत जगला, पण त्याचे नाव निघते ते माणिकबागेमुळेच. २०१९ साली पॅरिसच्या संग्रहालयाने या सामानाचे मोठे प्रदर्शन भरवले, तेव्हा जगाने पुन्हा वाहवा केली. वाहवा रास्तच, पण खुर्ची जिच्यासाठी घडली, तिच्या घरातून ती निघून गेली, ती गेलीच.

दिवाळीच्या साफसफाईत जुने सामान भंगारवाल्याला देण्यापूर्वी एवढे जरूर विचारावे: हे कोणासाठी घडवले होते? आणि नवे घेताना किंमत विचारण्याआधी घरातल्या माणसाला विचारावे, 'तू बसतोस कसा?'