शेवटचा शब्द शेवटच्या रांगेपर्यंत

महाराष्ट्रात राहणाऱ्या मराठी माणसाला वक्ता न होता आयुष्य काढता येते. तेथे बोलणारे पुष्कळ असतात. आपले तसे नाही. इंदूर असो, ग्वाल्हेर असो, वडोदरा किंवा हैदराबाद असो, आपल्या गावात मराठीतून चार शब्द बोलू शकणारी माणसे मोजकीच असतात आणि केव्हा ना केव्हा ती पाळी आपल्यावर येतेच. गणेशोत्सवाचे प्रास्ताविक, हळदीकुंकवाला आलेल्या पाहुणीचा परिचय, वार्षिक सभेतील अहवालाचे वाचन, एखाद्या ज्येष्ठाच्या शोकसभेतील दोन शब्द, ही सारी कामे आपली आपल्यालाच करावी लागतात. त्यासाठी लोक रात्र रात्र बसून मजकूर तयार करतात, सुभाषिते शोधतात, पाठांतर करतात. ज्याच्यावाचून हे सारे व्यर्थ जाते त्या आवाजाचा विचार मात्र क्वचितच कोणी करतो.

समजा, मंडळाच्या जुन्या इमारतीचा प्रश्न सभेपुढे आहे. एक वृद्ध सभासद उठतात आणि म्हणतात, 'ही वास्तू विकावी असे मला वाटत नाही.' त्यांचा श्वास 'वाटत' या शब्दापाशी संपतो आणि 'नाही' ओठांतल्या ओठांत विरून जाते. पुढच्या दोन रांगांना त्यांचा विरोध कळला. मागच्या दहा रांगांनी मात्र ते विक्रीला अनुकूल आहेत असे मानून माना डोलावल्या. त्यांचा एकच शब्द हरवला, पण नेमका तोच त्यांच्या म्हणण्याचा प्राण होता.

हा धोका आपल्या भाषेत विशेष आहे, तो तिच्या वाक्यरचनेमुळे. हिंदीत 'मुझे नहीं लगता' म्हणताना नकार क्रियापदाच्या आधीच येऊन जातो. मराठीत 'मला वाटत नाही' म्हणताना तो अगदी शेवटी येतो. गेला की गेली, आले की येणार, करावे की करू नये, आहेत की होते, या साऱ्याचा उलगडा मराठी वाक्य शेवटच्या शब्दापर्यंत राखून ठेवते. आणि माणसाचा आवाज स्वभावतः पडतो तोही नेमका तेथेच. म्हणून मराठीतून सभेत बोलणाऱ्याने एकच नियम पाळायचा ठरविले, तर तो हा असावा : वाक्याचा शेवटचा शब्द पहिल्या शब्दाइतकाच स्पष्ट ऐकू गेला पाहिजे.

आवाज शेवटी का पडतो, हे समजून घेणे कठीण नाही. फुफ्फुसांतून बाहेर पडणारी हवा कंठातील दोन स्वरतंतूंमधून जाते, त्यांना कंप देते आणि त्या कंपनातून ध्वनी उत्पन्न होतो. साधारण बोलण्यात पुरुषाचे स्वरतंतू सेकंदाला शंभर-सव्वाशे वेळा आणि स्त्रीचे सुमारे दोनशे वेळा कंप पावतात. या कंपनाला लागणारे इंधन म्हणजे श्वास. घाबरलेला माणूस खांदे वर उचलून छातीच्या वरच्या भागात तोकडा श्वास घेतो आणि त्यावर लांबलचक वाक्य रेटू पाहतो. वाक्य संपण्यापूर्वीच श्वास संपतो आणि उरलेले शब्द घसा आवळून काढावे लागतात. मग घसाही दुखतो आणि शब्दही पोहोचत नाहीत.

यावर उपाय घरच्या घरी करण्यासारखा आहे. सकाळी जमिनीवर उताणे पडावे, पोटावर एखादे पुस्तक ठेवावे आणि श्वास घेताना ते वर येते की नाही ते पाहावे. पुस्तक वर आले, तर छाती व पोट यांमधला पडदा नीट खाली जात आहे आणि श्वास खोल होत आहे असे समजावे. काही दिवस हे साधले की तोच श्वास उभे राहून घ्यावा. पुढे भाषणाच्या कागदावर जेथे श्वास घ्यावयाचा तेथे पेन्सिलीने उभी रेघ ओढावी. ज्या वाक्यात दोन रेघांनीही भागत नाही, ते वाक्य तोडून त्याची दोन करावीत. लिहिताना शोभणारे वाक्य बोलताना पेलेलच असे नाही.

पुष्कळांची समजूत अशी की, ऐकू जात नसेल तर ओरडावे. ओरडण्याने आवाज मोठा होतो, हे खरे. पण मोठे होतात ते मुख्यतः स्वर. आ, ई, ओ हे दूरवर जातात. शब्द ओळखू येतो तो व्यंजनांमुळे, आणि त, स, च, फ यांसारखी व्यंजने मुळातच नाजूक असतात. ती जीभ, दात आणि ओठ यांच्या नेमक्या हालचालीने घडतात. घशाच्या जोराने ती वाढत नाहीत. शिवाय 'आवाज चढविणे' या आपल्या शब्दप्रयोगातच एक गोम आहे. आवाज मोठा करताना आपण त्याची पट्टीही नकळत चढवितो, आणि चढलेल्या पट्टीत घसा लवकर थकतो व कानालाही त्रास होतो. गवई आपली पट्टी ठरवून मगच गायला बसतो. बोलणाऱ्यानेही घरात शांतपणे गप्पा मारताना जी पट्टी लागते, तीच आपली पट्टी मानावी. भाषणाचे पहिले वाक्य त्या पट्टीत, किंचित सावकाश उच्चारावे. पहिले वाक्य चढले की पुढचे सारे भाषण चढते.

उच्चारांच्या बाबतीत आपल्याकडे फार जुना विचार झालेला आहे. पाणिनीय शिक्षेत पठण करणाऱ्याचे सहा दोष सांगितले आहेत : गाण्याच्या सुरात म्हणणे, घाई करणे, मान हालवीत राहणे, लिहिलेले नुसते वाचून दाखविणे, अर्थ न कळता म्हणणे आणि आवाज क्षीण असणे. आजच्या कोणत्याही सभेत हे सहाही दोष सापडतील. त्याच ग्रंथात एक सुरेख उपमा आहे. वाघीण आपली पिले दातांत धरून नेते, पण त्यांना दात लागू देत नाही आणि पडूही देत नाही. वर्णांचा उच्चार तसा करावा. अक्षरे चावू नयेत आणि गाळूही नयेत, याहून अधिक काय सांगावयाचे?

आता सभागृहात बसलेल्या माणसांकडे पाहू. आपल्या कार्यक्रमांना बहुधा दोन प्रकारचे श्रोते असतात : वृद्ध आणि मुले. वयोमानाने ऐकणे कमी होते तेव्हा उंच कंपनांचे ध्वनी आधी नाहीसे होतात, आणि स, श, च, त यांची ओळख त्या उंच कंपनांतच असते. म्हणून आजोबा म्हणतात, 'आवाज येतो, पण काय बोलतात ते कळत नाही.' त्यांचे हे म्हणणे अक्षरशः खरे असते. अशा माणसापुढे ओरडून उपयोग नाही. सावकाश आणि सुटे सुटे बोलावे.

मुलांची अडचण वेगळी आहे. त्यांचे कान तीक्ष्ण असतात, पण मराठी शब्दांची शिदोरी थोडी असते. घरी ऐकलेली भाषा आणि शाळेत ऐकलेली भाषा वेगळी असल्यामुळे, अर्धवट ऐकलेला मराठी शब्द मनाने पुरा करून घेणे त्यांना जमत नाही. प्रमाण हिंदीत 'ळ' नाही. तेव्हा 'वेळ' आणि 'वेल' यांतला भेद हिंदी शाळेत जाणाऱ्या मुलाला कळावयाचा, तो आपल्याच तोंडून. व्यासपीठावरून स्पष्ट उच्चारलेला 'ळ' किंवा 'ण' हा त्या मुलाचा मराठीचा पाठ असतो. पुटपुटलेले भाषण ऐकून मूल उठून बाहेर खेळायला जाते, आणि मग आपण म्हणतो की, नव्या पिढीला मराठीची गोडी नाही!

जागेचाही विचार करावयास हवा. उघड्या मैदानावर श्रोत्याचे अंतर दुप्पट झाले की, त्याच्यापर्यंत पोहोचणारी ध्वनीची तीव्रता चौथाईवर येते. बंद सभागृहात अडचण निराळी असते. फरशी, कोरी भिंत आणि पत्र्याचे छप्पर ध्वनी परत फेकतात. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. म्हणजे १७ मीटरवरच्या भिंतीवर आपटून तो एकदशांश सेकंदात परत येतो आणि आपल्याच पुढच्या अक्षरावर आदळतो. अशा ठिकाणी घाईने बोललेले सारे एकमेकांत मिसळते. तेथे उपाय एकच : वाक्य संपले की थांबावे, दालनातला घुमारा विरू द्यावा आणि मग पुढचे वाक्य घ्यावे. वक्त्याला हा विराम फार लांब वाटतो; श्रोत्याला मात्र तो विचार करण्यापुरताच मिळतो.

न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली किंवा १९०९ साली वडोदऱ्यास साहित्य संमेलन भरले, तेव्हा ध्वनिक्षेपक नव्हता. वक्त्याची भिस्त त्याच्या श्वासावर आणि उच्चारांवर असे. आज माईक आहे, पण तो लहान आवाज मोठा करतो, अस्पष्ट आवाज स्पष्ट करीत नाही. तो तोंडापासून चार बोटे ते एक वीत अंतरावर आणि किंचित बाजूस धरावा, म्हणजे प, फ, भ यांच्या फुंकरीचे फटके त्यावर बसत नाहीत. कागद छातीच्या उंचीवर धरावा. मान खाली घातली की आवाज कागदावरच सांडतो. अधूनमधून मान वर करून शेवटच्या रांगेतील एखाद्या चेहऱ्याकडे पाहावे. आपण ज्याच्याकडे पाहतो त्याच्यापर्यंत आवाज नेण्याची इच्छा आपोआप होते.

घशाची निगा साधी आहे. पाणी आयत्या वेळी घटाघटा पिण्यापेक्षा आधीपासून थोडे थोडे प्यावे. वारंवार खाकरू नये; त्याने स्वरतंतू एकमेकांवर आपटतात. खाकरावेसे वाटले तर आवंढा गिळावा किंवा घोटभर पाणी घ्यावे. घसा बसला असता कुजबुजत बोलून भागविण्यापेक्षा मौन बरे. आणि आवाजाचा घोगरेपणा तीन आठवड्यांहून अधिक टिकला, तर काढ्यांवर न विसंबता कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जावे.

आपल्या भगिनींना एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. 'माझा आवाज बारीक, मी काय बोलणार?' असे म्हणून कित्येकजणी मागे राहतात. आवाज बारीक असणे हा दोष नव्हे. तो अपुऱ्या श्वासावर बोलणे हा दोष आहे, आणि तो सवयीने जातो. १९६१ साली ग्वाल्हेरच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद कुसुमावती देशपांडे यांनी भूषविले. त्या पदावरील त्या पहिल्या स्त्री. महाराष्ट्राबाहेरच्या व्यासपीठावरून हे घडले, याचा आपल्याला अभिमान वाटावयास हवा.

शेवटी एक घरगुती परीक्षा. भाषणाच्या आधी दोन दिवस घरातल्या मुलाला किंवा नातीला खोलीच्या दुसऱ्या टोकाला, शक्य तर व्हरांड्यात बसवावे आणि हाती कागद-पेन्सिल द्यावी. आपण भाषण वाचावे आणि तिने प्रत्येक वाक्याचा फक्त शेवटचा शब्द लिहावा. जेथे जागा कोरी राहील, तेथे आपला श्वास अपुरा पडला असे समजून ते वाक्य पुन्हा म्हणावे. यात दोन लाभ आहेत. आपले भाषण सुधारते. आणि तिच्या कागदावर आहे, नाही, होते, व्हावे अशी मराठी क्रियापदे तिच्याच अक्षरांत उतरतात.