वाचनाचा नेम

जानेवारीत आमच्या रेवदंडा-चौल भागात वालाच्या शेंगा भरल्या की रोज संध्याकाळी कुणाच्या ना कुणाच्या वाडीत पोपटी लागते. यंदा आमच्याकडे होती. मडक्यात भांबुर्डीचा पाला, शेंगा, बटाटे, मीठ-ओवा भरून मडकं उपडं घातलं, भोवती पेंढा पेटवला आणि सगळे शेकत बसलो. मुंबईहून आलेला माझा भाचा म्हणाला, "मावशी, गेल्या वर्षी माझी ६० पुस्तकं झाली. यंदा ७५ चं टार्गेट." शेजारचे गुरुजी, ज्यांनी जन्मभर शाळेत मराठी शिकवलं, ते लगेच म्हणाले, "अरे, पुस्तकं काय मोजायची? जेवताना घास मोजतोस का? वाचावं आणि सोडून द्यावं. अंगी लागायचं ते लागतं."

दोघंही मला जवळचे आहेत आणि दोघांचंही मला पटलं नाही. त्या रात्री शेंगा सोलता सोलता वाद अर्धाच राहिला. तो इथे पुरा करते.

आधी गुरुजींची बाजू, कारण ती ऐकायला फार गोड वाटते. त्यांचं म्हणणं असं की वाचन हा आनंद आहे आणि आनंदाचा हिशेब मांडला की त्याचं काम होतं. परीक्षेसाठी वाचलेली कविता मुलं जन्मभर टाळतात, हे त्यांनी वर्गात पाहिलेलं आहे. जे खरोखर भिडलं ते वहीत उतरवलं नाही तरी मनात राहतंच, आणि जे राहत नाही ते राहण्याच्या लायकीचं नव्हतं.

यातलं शेवटचं वाक्य खोटं आहे. त्याचा पुरावा माझ्या घरात आहे.

गेली वीसेक वर्षं मी वाचनाच्या वह्या ठेवते. दर वर्षाची एक, साधी दोनशेपानी. ३ जून २०२० च्या दुपारी निसर्ग चक्रीवादळ आमच्या किनाऱ्यावर आलं. सुपारीच्या बागा आडव्या झाल्या, नारळ मुळासकट उपटले गेले, आमच्या माळ्यावरची कौलं उडाली आणि वह्यांची पेटी दोन दिवस पावसात भिजत राहिली. पाणी ओसरल्यावर वह्या पडवीत सुतळीवर वाळत घातल्या. ज्या वर्षी शाईच्या पेनाने लिहिलं होतं, त्या वर्षीची पानं निळसर डाग होऊन बसली होती. शिसपेन्सिलीने लिहिलेल्या वह्या सुरकुतल्या, पण अक्षर न् अक्षर वाचता येत होतं.

२०१७ ची वही शाईची होती, ती गेली. त्या वर्षी मी ४१ पुस्तकं वाचली हा आकडा मला अजून तोंडपाठ आहे, कारण तेव्हा मी तो चारचौघांत सांगितला होता. त्या ४१ पैकी नावं आठवतात नऊ की दहा. उरलेली तीसेक पुस्तकं काय टाकाऊ होती? मुळीच नाही. त्यांतली दोन पुढे ग्रंथालयात पुन्हा हाती आली. एकाची वीस पानं झाल्यावर लक्षात आलं की हे आपण वाचलंय. दुसऱ्यात तर एका ओळीच्या कडेला माझीच बारीक खूण होती. मनात राहतंच म्हणणाऱ्यांनी ती खूण पाहायला हवी होती. चांगलं पुस्तकसुद्धा विसरलं जातं. पुस्तक विसरलं की त्याने आपल्याला काय केलं होतं तेही विसरलं जातं, आणि मग माणूस त्याच जागी पुन्हा पुन्हा उभा राहतो. अंगी लागायला आधी चावावं लागतं. लिहून ठेवणं म्हणजे चावणं.

आता भाच्याची बाजू. तीही हलकी समजू नये. तो म्हणतो, आकडा डोळ्यांसमोर असला की फोन बाजूला पडतो. मांडव्याच्या लाँचमध्ये बसल्यावर पूर्वी तो गेटवेपर्यंत व्हिडिओ पाहायचा, आता पुस्तक उघडतो. हे खरंच मोलाचं आहे. चारजणांना सांगितलेला संकल्प मोडायला जड जातं, हेही खरं. गुडरीड्स या वाचकांच्या संकेतस्थळाने २०११ पासून वर्षाचा आकडा आधीच जाहीर करण्याची रीत जगभर रुजवली, ती याच मानवी स्वभावाच्या जोरावर.

पण पुस्तकांच्या संख्येने मोजलेलं वाचन वाचकाला हळूहळू कुठे नेतं, ते मी स्वतः भोगलं आहे. एका वर्षी मी ५० चा आकडा धरला. डिसेंबरच्या मध्यावर ४२ झाली होती. उरलेल्या पंधरवड्यात मी कपाटापुढे उभी राहून पुस्तकाचं नाव पाहिलंच नाही, जाडी पाहिली. आठ बारीक पुस्तकं काढली आणि संपवली. त्या वर्षीची वही पेन्सिलीची आहे, शाबूत आहे. शेवटच्या दोन पानांवर आठ नावं आणि आठ तारखा आहेत, त्यांच्यापुढे एक ओळही नाही. ती कोरी जागा पाहिली की मला आजही वाईट वाटतं. वाचली म्हणून लिहिलेली ती पुस्तकं मी वाचलीच नव्हती.

संख्येचा दोष इथेच आहे. विश्राम बेडेकरांची 'रणांगण' १९३९ ची, एका बोटीवरची गोष्ट, एका बैठकीत संपते आणि आठवडाभर मनावरून उतरत नाही. भालचंद्र नेमाडे यांची 'हिंदू' २०१० ची, सहाशे पानांच्या वरची, तिला महिना लागतो. संख्येच्या लेखी दोन्ही एकेकच. मग ज्याला आकडा गाठायचा आहे तो 'हिंदू'ला हात का लावेल? लावला तरी 'रणांगण'नंतर आठवडाभर गप्प का राहील? दुसरं उघडेल. अर्ध्यावर पटेनासं झालेलं पुस्तक मिटून ठेवण्याचा वाचकाचा हक्कही आकडा काढून घेतो, कारण अर्धं पुस्तक कुठल्याच रकान्यात बसत नाही. गुडरीड्स ही कंपनी २०१३ मध्ये पुस्तकं विकणाऱ्या अॅमेझॉनने विकत घेतली. अधिक पुस्तकं हे विकणाऱ्याचं माप आहे आणि त्याच्या जागी ते योग्यच आहे. वाचणाऱ्याने ते आपलं म्हणून का उचलावं?

तर मग मोजायचं कसं? माझं उत्तर मला आमच्याच जिल्ह्याच्या गावी सापडलं.

अलिबागला समुद्राजवळ चुंबकीय वेधशाळा आहे. ती आधी मुंबईत कुलाब्याला होती. मुंबईच्या ट्राम विजेवर चालवायचं घाटू लागलं, तेव्हा वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांनी ओळखलं की शेजारून ट्राम धावली तर चुंबकसूची पृथ्वीचं न सांगता ट्रामचंच सांगेल. म्हणून सगळा संसार अलिबागला हलवला. लोखंड टाळून इमारती बांधल्या, १९०४ मध्ये नोंदी सुरू केल्या आणि १९०६ पर्यंत कुलाबा व अलिबाग दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या, जुना धागा नव्याशी नीट गाठता यावा म्हणून. आज तिथे शंभराहून अधिक वर्षांच्या नोंदी आहेत. एका दिवसाच्या आकड्यातून फारसं काही हाती लागत नाही. वर्षानुवर्षांच्या नोंदी शेजारी ठेवल्या की पृथ्वीचं चुंबकत्व सावकाश कसं सरकतंय ते दिसतं.

वाचनाची नोंद अशीच ठेवायची असते. एका वर्षी किती, याला अर्थ थोडा. दहा वर्षांच्या वह्या शेजारी मांडल्या की दिसतं, मी कादंबरीकडून चरित्रांकडे कधी वळले, बायकांची आत्मकथनं मी किती उशिरा हाती घेतली, अनुवादित पुस्तकं कोणत्या वर्षापासून बंद झाली आणि का. ही सरकती रेघ मला दुसरं कुणीही दाखवू शकत नाही. आणि नोंद खरी यायची तर शेजारून ट्राम जाता कामा नये. लोकांना दाखवायचा आकडा ही माझी ट्राम होती. ती जवळून गेली आणि माझी सूची हलली. आठ कोऱ्या ओळी हा त्याचा दाखला.

म्हणून टार्गेट हा शब्द मी सोडला आणि आपला जुना शब्द घेतला, नेम. मराठीत या एका शब्दाला दोन अर्थ आहेत. नेम धरतात तो लक्ष्यावर, आणि नेम पाळतात तो रोजचा. आपल्या लोकांना वर्षाचं वाचन नवं नाही. श्रावणात घरोघर पोथी लागायची. गुरुचरित्राचे अध्याय सात दिवसांत कसे वाटायचे ते ठरलेलं असायचं. पण तिथे मोजमाप होतं ते रोजच्या बैठकीचं, किती पोथ्या संपवल्या याचं नव्हे. तीच पोथी पुढच्या श्रावणात पुन्हा लागायची आणि कुणी म्हणत नसे की ही तर मोजून झाली. शिवाय एक जण वाचायचा, बाकीचे ऐकायचे, अध्याय संपला की अडलेलं कुणीतरी विचारायचं. वाचणं आणि वाचलेल्याविषयी बोलणं एकाच पाटावर चालायचं.

माझा आजचा नेम साधा आहे. रोज पाऊण तास. पुस्तक संपलं, किंवा सोडलं, तर तीन ओळी. पहिली, त्यात काय आहे. दुसरी, मला काय वाटलं. तिसरी, हे मी कुणाला देईन. सोडलं असेल तर कितव्या पानावर आणि का. वर्षाला आकडा येतोच, पण तो वर्षाच्या शेवटी येतो. कोकणात वाचनही पावसाबरोबर वाढतं. जून-जुलैत होड्या किनाऱ्याला लागतात, लाँच बंद होते, दिवस घरात जातो, तेव्हा माझी वही भरते. ऑक्टोबरात भाताची कापणी आली की पानंच्या पानं कोरी जातात. अशा वर्षाला महिन्यामागे अमुक पुस्तकं हा साचा बसत नाही, आणि बसवूही नये.

आता शेवटचा आक्षेप, जो गुरुजींनीच पोपटी फोडताना घेतला. "लिहा हो वहीत. पण मत लोकांना कशाला सांगायचं? मत द्यायला अधिकार लागतो. समीक्षक कशाला आहेत?"

याला उत्तर पेणला राहत होतं. कवी सतीश काळसेकर, जन्म १९४३ चा, सिंधुदुर्गातल्या काळसे गावचे, लघुनियतकालिकांच्या चळवळीतले. उत्तरायुष्यात ते पेणला स्थायिक झाले आणि २४ जुलै २०२१ रोजी तिथेच गेले. 'आपले वाङ्मय वृत्त' या मासिकात ते आपल्या वाचनाविषयी लिहीत. त्याचं पुस्तक झालं, 'वाचणाऱ्याची रोजनिशी', आणि २०१३ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला. नाव पाहा. वाचणाऱ्याची. समीक्षकाची नाही, कवीचीही नाही. एवढ्या अधिकाराच्या माणसाने स्वतःसाठी निवडलेली जागा वाचणाऱ्याची होती, आणि देशाच्या अकादमीने त्या जागेचा मान केला. वाचणं हाच मत सांगण्याचा पहिला अधिकार आहे. बाजारात सुरमई घेताना आपण कल्ले उघडून बघतो आणि शेजारणीला सांगतो, घे, ताजी आहे. तेव्हा कुणी पदवी विचारत नाही. एवढंच विचारतात, तू कल्ले पाहिलेस का?

पण हाच प्रश्न आज पुस्तकांबद्दल विचारला जात नाही, आणि इथे मी भाच्याच्या पिढीशी आणि माझ्याही पिढीशी भांडते. चहाच्या कपाशेजारी मुखपृष्ठाचा फोटो म्हणजे मत नव्हे. पाचपैकी साडेतीन तारे म्हणजेही मत नव्हे, कारण त्यातून ना पुस्तक कळतं ना वाचणारा. सगळ्यात वाईट ती भेट आलेल्या प्रतीची परतफेड. अप्रतिम, वाचायलाच हवं, एवढं लिहून मोकळं व्हायचं. लेखक मित्र आहे म्हणून न पाहिलेल्या कल्ल्यांची ग्वाही द्यायची. अशा कौतुकाने दोनदा फसलेला वाचक तिसऱ्यांदा पुस्तकावर पैसे घालत नाही, आणि नुकसान चांगल्या लेखकाचं होतं. आवडलं नाही तर सभ्य शब्दांत तसं लिहावं. अर्धंच वाचलं तर अर्धंच म्हणावं. एवढं पाळलं तर सामान्य वाचकाच्या तीन ओळी पानभर परीक्षणापेक्षा अधिक कामाच्या ठरतात.

हे घरापुरतं राहू नये असं मला फार वाटतं. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ चा. त्याखालच्या ग्रंथालयांना अ, ब, क, ड असे वर्ग मिळतात आणि वर्गाप्रमाणे अनुदान. वर्ग ठरताना पुस्तकं किती, सभासद किती हे पाहतात. सरकारला मोजायला तेच सापडतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण ग्रंथालयातलं पुस्तक उघडा. शेवटच्या पानाला तारखांची चिठ्ठी चिकटवलेली असते. मी परवा आणलेल्या पुस्तकावर शिक्के होते १९९८ चे दोन, २००४ चा एक, मग थेट २०१९. पुस्तक कधी घराबाहेर पडलं ते चिठ्ठी सांगते. ज्यांनी नेलं त्यांना ते कसं वाटलं, पंधरा वर्षं ते कपाटात का पडून राहिलं, हे सांगणारं काहीच तिथे नाही.

माझी आमच्या किनाऱ्यावरच्या प्रत्येक ग्रंथालयाला विनंती आहे. तारखांच्या चिठ्ठीसमोर एक कोरा कागद चिकटवा आणि काउंटरवर शिसपेन्सिल ठेवा. पुस्तक परत करताना वाचणाऱ्याने तीन ओळी लिहाव्यात, नाव लिहायची गरज नाही. खर्च काही नाही. दहा वर्षांनी त्या कागदांवर गावाचं वाचन वाचता येईल.

पोपटीच्या दुसऱ्या दिवशी भाचा निघाला. जाताना माझी २०१८ ची वही चाळत बसला होता. एका नोंदीपाशी थांबला. तिथे मी तिसऱ्या ओळीत त्याचंच नाव लिहिलं होतं, तो तेव्हा कॉलेजात होता, आणि पुस्तक द्यायचं राहून गेलं होतं. "हे आहे का गं अजून?" मी कपाटातून काढून दिलं. जाडजूड पुस्तक, महिना नक्की खाईल, ७५ चा आकडा त्यात बुडेल. त्याने ते पिशवीत टाकलं आणि माझ्या टेबलावरची एक पेन्सिलही उचलली.