पत्रकार स्त्रियांची संघटना : क्लब की चळवळ?

पत्रकार स्त्रियांची राज्यव्यापी स्वतंत्र संघटना असावी, असा विचार आपल्याकडे अधूनमधून मांडला जातो. तो मांडताना एक पुस्ती मात्र हटकून जोडली जाते. ही संघटना 'निव्वळ व्यावसायिक' असावी. वेतन, वर्ग, जात असल्या 'राजकीय' प्रश्नांत तिने पडू नये. ते काम श्रमिक पत्रकारांच्या संघाने करावे. या पुस्तीला आधार म्हणून अमेरिकेतील राज्याराज्यांच्या 'वूमन्स प्रेस असोसिएशन'चा दाखला देण्यात येतो. आमचा विरोध संघटनेला नाही. विरोध आहे तो या पुस्तीला. आणि दाखला अमेरिकेचाच द्यायचा असेल, तर तो पुरता दिला पाहिजे.

या संस्थांपैकी सर्वांत जुन्या संस्थांत जिची गणना होते ती इलिनॉय वूमन्स प्रेस असोसिएशन १८८५ साली शिकागोत स्थापन झाली. लेखन व वृत्तपत्रव्यवसाय करणाऱ्या स्त्रियांनी परस्परांच्या संपर्कात राहावे, एकमेकींना साहाय्य करावे, हा तिचा हेतू. तो हेतू क्षुद्र होता असे म्हणण्याचा कृतघ्नपणा आम्ही करणार नाही. पुरुषांच्या प्रेस क्लबांची दारे स्त्रियांना बंद होती. वृत्तपत्रात स्त्रीने लिहायचे ते पाककृती, पोशाख आणि मेजवान्यांचे वृत्तान्त, असा दंडक होता. अशा काळात लेखणीवर पोट भरणाऱ्या स्त्रियांनी आपली सभा भरवावी, हेच धाडस होते. मद्यपानविरोधी चळवळीच्या नेत्या फ्रान्सिस विलार्ड या संस्थेच्या आरंभीच्या सभासदांपैकी. मराठी वाचकाला हे नाव परके नाही. पंडिता रमाबाई १८८६ ते १८८८ या काळात अमेरिकेत होत्या. विलार्डबाईंचा आणि त्यांचा स्नेह जुळला. आणि १८८९ साली प्रसिद्ध झालेल्या 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' या आपल्या ग्रंथात रमाबाईंनी तेथील स्त्रियांच्या संस्थांविषयी अत्यंत आदराने लिहिले. जिथे स्त्रीला स्वतःच्या नावाने सभा भरवता येत नव्हती त्या देशातून गेलेल्या बाईला ते दृश्य पाहून भरून आले असेल, यात नवल नाही.

परंतु त्याच शिकागोत, त्याच वर्षी, आणखी एक 'आय. डब्ल्यू. पी. ए.' होती. इंग्रजी आद्याक्षरे तीच, अर्थ निराळा. इंटरनॅशनल वर्किंग पीपल्स असोसिएशन ही ती संघटना. आठ तासांच्या दिवसाची चळवळ ज्या अराज्यवादी कामगार पुढाऱ्यांमुळे शिकागोत पेटली, त्यांची. तिचे 'अलार्म' नावाचे इंग्रजी पत्र १८८४ साली निघाले. त्यात ल्यूसी पार्सन्स लिहीत असत आणि लिझी होम्स साहाय्यक संपादक होत्या. दोघीही शिवणकाम करून पोट भरणाऱ्या. १८८६च्या मे महिन्यात हेमार्केट चौकात बाँब पडला, 'अलार्म' बंद पाडण्यात आले आणि ११ नोव्हेंबर १८८७ रोजी ल्यूसीबाईंचे पती अल्बर्ट पार्सन्स फासावर गेले. ल्यूसीबाई त्यानंतरही संपादक राहिल्या. १८९१-९२ मध्ये 'फ्रीडम' आणि १९०५-०६ मध्ये 'लिबरेटर' ही पत्रे त्यांनी चालवली. आता आम्ही विचारतो : पत्रकारितेतील स्त्रियांचा इतिहास सांगताना या दोघींची नावे कोणत्या स्मरणिकेत येतात? पत्रासाठी ज्यांनी घरातला माणूस दिला त्या 'कार्यकर्त्या', आणि ज्यांच्या व्याख्यानांनंतर चहापान झाले त्या 'पत्रकार'. ही वर्गवारी कोणी केली?

लेखणीने स्त्रीचे जीवन प्रत्यक्षात कसे बदलते, याचा पुरावाही शिकागोतच आहे. १८८८च्या उन्हाळ्यात 'शिकागो टाइम्स'ने एक लेखमाला छापली. नेल नेल्सन या नावाने लिहिणाऱ्या हेलन कुसॅक या बाई शिवणकामाच्या कारखान्यांत मजूर म्हणून शिरल्या. कोंदट खोल्या, तुकड्यावर मिळणारी मजुरी, कापून घेतलेले पैसे, मुकादमाची अर्वाच्य भाषा हे सर्व त्यांनी कारखान्यांच्या नावानिशी लिहून काढले. वृत्तपत्राच्या मालकाने ही माला खप वाढवण्यासाठी छापली, हे उघड आहे. पण मालकाचा हेतू काहीही असो, छापलेला शब्द मालकाच्या ताब्यात राहत नाही. त्याच वर्षी 'इलिनॉय वूमन्स अलायन्स' उभी राहिली. तिच्यात कामगार स्त्रियांचे संघ आणि सुखवस्तू घरांतील क्लबवाल्या स्त्रिया एका टेबलापाशी बसल्या. एलिझाबेथ मॉर्गन या समाजवादी कामगार स्त्रीने घरगुती कारखान्यांची पाहणी करून १८९१ साली अहवाल प्रसिद्ध केला. १८९३ साली राज्याने कारखान्यांचा कायदा केला : स्त्रियांना आठ तासांचा दिवस, चौदा वर्षांखालील मुलांना कारखान्यात मज्जाव, आणि तपासणीसाठी निरीक्षक. पहिल्या मुख्य निरीक्षक कोण? एंगल्सच्या इंग्लंडमधील कामगारवर्गावरील ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर करणाऱ्या फ्लॉरेन्स केली! कारखानदारांनी ताबडतोब आपला संघ काढला आणि १८९५ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाकडून आठ तासांचे कलम रद्द करवून घेतले. कारखानदारांच्या संघाने 'आम्ही निव्वळ व्यावसायिक, कायद्याच्या भानगडीत पडत नाही' असे म्हटले नाही, हे आमच्या मैत्रिणींनी ध्यानात घ्यावे.

वर्गाचा प्रश्न टाळला की वर्णाचा आपोआप टळतो, कारण दोन्ही एकाच दाराबाहेर उभे असतात. मेम्फिस येथील 'फ्री स्पीच' या पत्राच्या संपादक आयडा वेल्स यांनी झुंडबळींविरुद्ध लिहिले म्हणून १८९२ साली त्यांच्या कचेरीची मोडतोड झाली. त्यांना गाव सोडावे लागले. पुढे त्या शिकागोतच स्थायिक झाल्या. दक्षिणेतील मद्यपी कृष्णवर्णीयांमुळे गोऱ्या स्त्रिया सुरक्षित नाहीत, हा गोऱ्यांचा कांगावा विलार्डबाईंनी १८९० साली एका मुलाखतीत उचलून धरला होता. वेल्सबाईंनी १८९४ साली इंग्लंडमध्ये ती मुलाखत पुन्हा छापवून घेतली आणि उत्तर मागितले. संपादकाने यापेक्षा वेगळे काय करायचे असते? पण त्याबद्दल शिव्या खाव्या लागल्या त्या वेल्सबाईंना.

याहून बोलका प्रसंग १९०० सालचा. १८८५ सालीच बॉस्टनमध्ये न्यू इंग्लंड वूमन्स प्रेस असोसिएशन स्थापन झाली होती. 'वूमन्स एरा' हे कृष्णवर्णी स्त्रियांचे पत्र चालवणाऱ्या जोसेफिन सेंट पियर रफिन तिच्या सभासद होत्या. त्या संस्थेच्या, मॅसॅच्युसेट्सच्या राज्य महिला मंडळ संघाच्या आणि स्वतःच्या कृष्णवर्णी क्लबच्या प्रतिनिधी म्हणून त्या मिलवॉकी येथे महिला मंडळांच्या राष्ट्रीय महासंघाच्या अधिवेशनाला गेल्या. तेथे त्यांना सांगण्यात आले की गोऱ्या संस्थांच्या प्रतिनिधी म्हणून बसायचे तर बसा, कृष्णवर्णी क्लबच्या म्हणून नाही. रफिनबाईंनी नकार दिला. त्यांच्या छातीवरचा प्रतिनिधीचा बिल्ला हिसकावण्याचाही प्रयत्न झाला. म्हणजे पत्रकार स्त्रियांच्या संस्थेचे सभासदत्व हे दारातून आत जाण्याचे पारपत्र ठरले खरे, पण अट अशी की आपली माणसे बाहेर ठेवून यायचे. आपल्याकडच्या किती तरी दलित, भटक्या, मुस्लिम मुलींना ही अट न सांगताच समजते.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगतो. १९३७ साली इलिनॉयच्या संस्थेच्या पुढाकाराने शिकागोत राज्याराज्यांच्या पत्रकार स्त्रियांचा राष्ट्रीय महासंघ झाला. स्पर्धा, पारितोषिके, अधिवेशने चालू राहिली. वॉशिंग्टनच्या नॅशनल प्रेस क्लबने स्त्रियांना घेतले नाही म्हणून १९१९ साली स्त्रियांनी स्वतःचा राष्ट्रीय क्लब काढला होता. पण ज्या संस्थेचा जन्मच 'आम्हांला आत घेत नाहीत' या तक्रारीतून झाला, तिला अॅलिस डनिगन या पहिल्या कृष्णवर्णी सभासद मिळायला १९५५ साल उजाडले! त्याच १९५५ साली पुरुषांच्या क्लबने स्त्रियांवर मेहेरबानी केली : व्याख्यान ऐकायला सज्जात उभे राहावे, खाली पुरुष जेवतील, प्रश्न विचारू नये. पूर्ण सभासदत्व १९७१ साली मिळाले.

आणि वेतन? पदोन्नती? ती पारितोषिकांनी आली नाहीत. मार्च १९७० मध्ये 'न्यूजवीक'मधील ४६ स्त्रियांनी मालकांविरुद्ध भेदभावाची तक्रार दाखल केली. त्या वेळी 'न्यूजवीक' ज्या कंपनीचे होते तिच्या प्रमुख कॅथरीन ग्रॅहम या स्त्रीच होत्या. स्त्री मालकाच्या खुर्चीवर बसली म्हणजे खालच्या मजल्यावरचे वेतनपत्रक बदलते या भाबडेपणाला एवढे उत्तर पुरे. १९७४ साली 'न्यूयॉर्क टाइम्स'मधील स्त्रिया न्यायालयात गेल्या. १९७८ साली तडजोड झाली. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेतील स्त्रियांनी १९७३ साली तक्रार केली ती वायर सर्व्हिस गिल्ड या युनियनच्या साथीने. दहा वर्षे झगडून १९८३ साली वीस लाख डॉलरची तडजोड पदरात पडली.

येथे कोणी म्हणेल, युनियन तरी कुठे स्त्रियांची होती? हा आक्षेप खरा आहे आणि आमच्या साथींनी तो निमूटपणे ऐकून घेतला पाहिजे. अमेरिकन न्यूजपेपर गिल्ड १९३३ साली हेवूड ब्रून या समाजवादी स्तंभलेखकाच्या नेतृत्वाखाली उभी राहिली. तरी चाळीस वर्षांनी एपीमधील स्त्रियांना समान संधीसाठी तक्रार करावी लागली, म्हणजे मधल्या काळात गिल्डच्या बैठकांत या प्रश्नाला कितवे स्थान होते ते स्पष्ट आहे. आणि आपली समाजवादी पत्रे? स्त्री लेखिका म्हटली की 'महिला जगत'; अग्रलेख दादांनी लिहायचा आणि ताईंनी वर्गणीदारांची यादी सांभाळायची, हा शिरस्ता आपल्या कचेऱ्यांतूनही होता. तो कोणी मोडला तर बाहेर उभ्या राहिलेल्या स्त्रियांच्या चळवळीने. म्हणूनच स्वतंत्र संघटना हवी, असे आम्हीही म्हणतो. मात्र ती युनियनपासून सुटका करून घेण्यासाठी नव्हे, युनियनच्या छातीवर बसण्यासाठी हवी.

कारण आज गमावण्यासारखे बरेच आहे. बरेच गमावलेही आहे. १९५५च्या श्रमिक पत्रकार कायद्याने चार आठवड्यांत १४४ तासांची मर्यादा घातली, वेतन मंडळांची तरतूद केली, आणि मुद्रितशोधकालाही पत्रकार मानले. मजिठिया मंडळाच्या शिफारशी २०११ साली अधिसूचित झाल्या, २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या उचलून धरल्या, आणि मालकांनी कंत्राटी नेमणुकांचा मार्ग धरला. २०२०च्या संहितेने तो स्वतंत्र कायदाच मोडीत काढला. व्याख्येत दूरचित्रवाणी आणि डिजिटल माध्यमे आली हे खरे; वेतन मंडळ गेले. तालुक्याच्या ठिकाणी बातमीमागे पैसे घेऊन काम करणाऱ्या, नेमणूकपत्र कधीही न पाहिलेल्या मुलीला यातले काय लागू होते, हे तिला कोणीही सांगत नाही. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध २०१३चा कायदा आहे. तो ज्या विशाखा निकालातून (१९९७) आला, तो निकाल भंवरीदेवी या राजस्थानच्या खेड्यातील कुंभार समाजाच्या ग्रामसेविकेवरील अत्याचारातून उभा राहिला, वातानुकूलित वृत्तकक्षातून नव्हे. आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात पतीच्या निधनानंतर 'दीनबंधु' चालवणाऱ्या सत्यशोधक तानुबाई बिर्जे यांच्याजवळ कोणत्या क्लबचा बिल्ला होता?

राज्यसंघटनेच्या घटनेचा मसुदा जेव्हा कोणी लिहायला बसेल, तेव्हा सभासदत्वाचे कलम आधी लिहावे. त्यात 'अधिस्वीकृतीधारक' हा शब्द येऊ देऊ नये. अधिस्वीकृती सरकार देते, मालकाच्या पत्रावर देते. बातमीमागे पैसे घेणारी वार्ताहर, मुद्रितशोधक, संगणकावर पाने लावणारी, कंत्राटावर कॅमेरा धरणारी यांना त्या कलमात नावानिशी जागा असावी, आणि वर्गणी तिच्या एका बातमीच्या मोबदल्याहून अधिक नसावी. दुसरे कलम वेतनाचे असावे. पारितोषिकांचे कलम शेवटी आले तरी चालेल.