वाढणारा हात, घेणारा हात

मार्गशीर्षी पौर्णिमा आली कीं तापीकांठीं सारंगखेड्यास एकमुखी दत्ताची यात्रा भरते. घोड्यांच्या बाजारामुळें या यात्रेचें नांव दूरवर गेलें आहे. परंतु आमच्या घरांतून दत्ताचें नांव निघालें कीं घोडा आठवत नाहीं, गुरुचरित्राचें पारायण आठवतें. त्या ग्रंथांतील अडतिसाव्या अध्यायाची भास्कर ब्राह्मणाची कथा वाचकांस सांगावयास नकोच. तिघांपुरता शिधा गांठोड्यांत बांधून आलेल्या त्या गरिबाच्या स्वयंपाकांत श्रीगुरूंच्या कृपेनें चार हजार पानें झालीं. आधीं ब्राह्मण जेवले, मग इतर वर्ण जेवले आणि सरतेशेवटीं अंत्यजांसहि अन्न मिळालें.

ख्रिस्ती लोकांच्या शुभवर्तमानांतहि अशीच एक कथा आहे. पांच भाकरी आणि दोन मासे एवढ्यावर पांच हजार माणसें तृप्त झालीं. मार्कानें लिहिलेल्या वृत्तांतांत लोक हिरवळीवर शंभर-शंभर, पन्नास-पन्नास अशा पंगतींनीं बसल्याचें सांगितलें आहे. दोन्हीं कथांत अन्न पुरलें, वर उरलेंहि. परंतु एकींत कोण आधीं आणि कोण मागून हें ठरलेलें होतें. दुसरींत जो जेथें बसला तेथें त्याला मिळालें. मिशनरी दुष्काळांत अन्न घेऊन आले तेव्हां त्यांनीं ही दुसरी पंगत आपल्याबरोबर आणली, आणि खरी अडचण तेथेंच उत्पन्न झाली.

विक्रम संवत् १९५६, म्हणजे इ. स. १८९९-१९०० चा ‘छपन्नाचा’ दुष्काळ खानदेशांतील जुन्या माणसांच्या तोंडीं पुष्कळ दिवस होता. त्या काळीं आमच्या लोकांनीं दानधर्म केला नाहीं असें कोणी म्हणूं नये. सदावर्तें चाललीं, शिधे वांटले गेले. पण शिधा देणें निराळें आणि शिजलेलें अन्न देणें निराळें. शिधा कोणाच्याहि हातचा चालतो. अन्न शिजलें कीं त्याला शिजविणाऱ्याची जात चिकटते. दारांत उभ्या असलेल्या महाराच्या ओंजळींत वरून टाकलेली भाकर दानांत जमा होत असे, पंगतींत नव्हे. सरकारासहि हा पेंच होताच. म्हणून सरकारी अन्नछत्रांतून उच्च जातीचे आचारी ठेवण्याची रीत पडली. १८६६ च्या ओरिसांतील दुष्काळांत ज्यांनीं छत्रांत अन्न खाल्लें त्यांस गांवानें परत घेतलें नाहीं. ‘छत्रखाई’ या नांवाची त्यांची निराळी जातच होऊन बसली. अन्नानें प्राण वांचला आणि त्याच अन्नानें माणूस बहिष्कृत झाला!

याच्या उलट टोंकाचें उदाहरण पंडिता रमाबाईंचें आहे. १८७० नंतरच्या दशकांतील दुष्काळांत त्यांचे आईबाप आणि वडील बहीण अन्नावांचून गेलीं. पुराण सांगून निर्वाह करणारें हें घराणें मजुरीस किंवा भिकेस हात पसरावयास धजलें नाहीं, असें रमाबाईंनीं स्वतःच पुढें लिहिलें आहे. त्यांत त्यांनीं कुलाच्या आणि विद्येच्या अभिमानास दोष दिला आहे. याच बाईंनीं पुढें १८९७ मध्यें मध्यप्रांतांतून आणि १९०० च्या सुमारास गुजराथेंतून दुष्काळग्रस्त मुली केडगांवीं आणून सांभाळल्या. त्यांच्या धर्मांतराविषयीं वाचकांचें मत कांहीं असो. भूक म्हणजे काय हें त्यांस दुसऱ्यानें सांगावें लागलें नव्हतें.

पण ख्रिस्ती पंगतींत सर्व आलबेल होतें असें मानण्याचेंहि कारण नाहीं. नगरकडे महार ख्रिस्ती आणि मांग ख्रिस्ती यांस शेजारीं बसविण्यास मिशनऱ्यांस बराच काळ झटावें लागलें. बाप्तिस्म्याच्या पाण्यानें जात धुतली जाते ही समजूत पाद्र्यांची. जातीस ती मान्य नव्हती. शिवाय अन्नाबरोबर उपदेश येई, आणि भुकेल्यानें मान हलविली ती उपदेशाला कीं भाकरीला, हा संशय कायमच राही. तो संशय अगदींच निराधार होता असें मला वाटत नाहीं.

पश्चिम खानदेशांत स्वीडिश मिशनऱ्यांनीं काम केलें, नंदुरबारचें एस. ए. मिशन हायस्कूल आजहि सर्वांस ठाऊक आहे. ती मंडळी येथें राहिलीं, मराठी शिकलीं. हल्लीं परदेशांतून आठ-पंधरा दिवसांची ‘मिशन-यात्रा’ काढून तरुण मंडळी हिंदुस्थानांत येतात, एखाद्या वस्तींत जेवण वाढतात, छायाचित्रें काढतात आणि परत जातात. त्यांच्या मनांतील दया खोटी नसेल. परंतु ज्या वस्तींत त्यांनीं वाढलें त्या वस्तींतील चुलीवरची भाकर ते खातात काय, हें मी प्रथम विचारीन. आणि हाच प्रश्न आपल्या घरीं विचारावयास पाहिजे. श्राद्धपक्षाला उरलेलें अन्न मोलकरणीस देतांना आपला हात सढळ असतो. तिच्या घरच्या दिवाळीचा फराळ आपल्या ताटांत किती वेळां येतो?

घेण्याचा हा प्रश्न पुण्याच्या इतिहासांत एकदां फार गाजला. १८९० सालीं पंचहौद मिशनमध्यें रानडे, टिळक आदि प्रतिष्ठित मंडळी व्याख्यानास गेलीं असतां पुढें चहा-बिस्किटें आलीं. कोणी चहा घेतला, कोणी पेल्यास नुसता हात लावला. गोपाळराव जोशांनीं सर्वांचीं नांवें छापविलीं आणि ग्रामण्य उभें राहिलें. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलें, आणि १८९२ मध्यें रानड्यांसारख्या पुरुषानेंहि प्रायश्चित्त घेतलें. त्याच मंडळींनीं मिशनऱ्यांस चहा पाजला असता तर पुण्यांत पान हललें नसतें.

समतानंद अनंत हरि गद्रे यांनीं ही गांठ नेमकी ओळखली. अस्पृश्य मानलेल्या दांपत्याच्या हातून सत्यनारायणाची पूजा करवावयाची आणि प्रसाद म्हणून सर्वांनीं झुणका-भाकर खावयाची, असा क्रम त्यांनीं चालविला. ब्राह्मणांनीं हरिजनांस जेवूं घालण्याचे समारंभ तेव्हां पुष्कळ होत. गद्र्यांच्या पूजेस ब्राह्मण प्रसाद घ्यावयास येत.

१९५० च्या घटनेच्या सतराव्या कलमानें अस्पृश्यता नष्ट केली, तरी चुलीपाशीं कायद्याचा शिपाई उभा राहत नाहीं. म्हणून येथें लक्ष्मीबाई टिळकांचें स्मरण होतें. नारायण वामन टिळक १८९५ त ख्रिस्ती झाले. बाई कांहीं वर्षांनीं त्यांच्याकडे राहावयास गेल्या, तरी त्यांनीं आपली चूल निराळी ठेवली. पाण्याचें सोंवळेंहि सुटलें नव्हतें. पुढें जातिभेद हा माणसांचाच खेळ आहे असें त्यांच्या मनानें घेतलें, तेव्हां प्रथम गेली ती ही निराळी चूल. बाप्तिस्मा त्यानंतरचा, १९०० सालचा. आणि त्याच दुष्काळांत पोरक्या झालेल्या मुलांना त्यांनीं आपल्या घरांत घेतलें.