घर कुणाच्या नावावर?



वर्षाअखेरीचा अंक म्हणजे हिशेबाचा अंक. शिबिरं किती झाली, तक्रारी किती आल्या, हे आतल्या पानांत आहेच. इथे मांडते आहे तो वर्षभरातल्या वाचण्या-पाहण्याचा हिशेब. घोटीत आवणी आणि सोंगणीच्या दिवसांत बैठकीलाही बाया मिळत नाहीत, मग पुस्तकाला कोण विचारतं? तरी यंदा ठरवून वाचलं. पुस्तकं वेगळी, सिनेमे वेगळे, पण सगळ्यांतून एकच प्रश्न समोर येत राहिला. बाईचं घर कुठलं?

सुरुवात आपल्याच जिल्ह्यातल्या बाईपासून केली. लक्ष्मीबाई टिळकांचा जन्म १८६८ चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. 'स्मृतिचित्रे' म्हटलं की आपल्याला त्यातला विनोद आठवतो. यंदा लक्ष गेलं ते त्यांच्या बेघरपणाकडे. १८९५ साली टिळक ख्रिस्ती झाले आणि लक्ष्मीबाईंना पुढची काही वर्षं नातलगांच्या आश्रयानं काढावी लागली. निर्णय नवऱ्याचा, संसार मोडला बायकोचा.

मग बेबी कांबळे यांचं 'जिणं आमुचं' (१९८६). फलटणला दुकान सांभाळता सांभाळता त्यांनी लिहिलं आणि ते लिखाण वर्षानुवर्षं घरच्यांपासून लपवून ठेवलं. घर होतं, पण तिथे त्यांच्या वहीला जागा नव्हती.

आवणी उरकल्यावर बचत गटातल्या बायांबरोबर 'उंबरठा' पाहिला. जब्बार पटेल यांचा हा १९८२ चा सिनेमा शांता निसळ यांच्या 'बेघर' कादंबरीवरून घेतलेला. सुलभा समाजकार्य शिकलेली, त्यामुळे मला ती जवळचीच. महिलाश्रमातली नोकरी सोडून ती परतते, तर नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी बाई आलेली असते. सुलभा निघते, गाडीत बसते, सिनेमा संपतो. आत्मसन्मान, स्वातंत्र्य असे चर्चेचे मुद्दे मी काढून ठेवले होते. पहिला प्रश्न आला, "ताई, गाडीत बसली खरी, पण तिकीट कुठलं काढलं तिनं?" त्यानंतर दोन तास बाया बोलत होत्या. माहेरी किती दिवस राहता येतं, भावजय कधी तोंड फिरवते, हेच सारं.

वर्षाच्या शेवटी पायल कपाडिया यांचा 'ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट' पाहिला. कान महोत्सवात २०२४ साली त्याला ग्रां प्री मिळालं. त्यात छाया कदम यांनी केलेली पार्वती मुंबईत इस्पितळात स्वयंपाक करते. नवरा वारलेला, राहत्या जागेचे कागद नाहीत आणि बिल्डर मागे लागलेला. शेवटी ती रत्नागिरीकडे गावी परतते.

सुलभा आणि पार्वती यांच्यामध्ये बेचाळीस वर्षं गेली. त्या काळात कायदे झाले. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानं, घर नावावर नसलं तरी त्यात राहण्याचा हक्क बाईला दिला. त्याच वर्षी हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती होऊन वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका वाटा मिळाला. पण महामार्गाकडेच्या जमिनींना भाव आला, तसं बहिणींना माहेरचं बोलावणंही अगत्यानं येऊ लागलं. जेवण होतं, साडी होते आणि मग हक्कसोडपत्रावर सही. साक्षरता वर्गात आपण बायांना सही शिकवली. ज्यावर सही करायची तो कागद वाचायला मात्र कुणी वेळ देत नाही.

म्हणून येत्या वर्षासाठी एक सुचवते. गटाच्या दर बैठकीत पुस्तकातली दोन-चार पानं मोठ्यानं वाचूया आणि त्याबरोबर एक कागदही वाचूया. कधी सातबारा, कधी घराचा नमुना आठ, कधी कर्जाचा करारनामा, कधी हक्कसोडपत्र. त्यात आपलं नाव कुठे आहे ते प्रत्येकीनं बोट ठेवून शोधायचं. नसेल तर का नाही, हे घरात विचारायचं. एकटीला जड गेलं तर गटानं सोबत जायचं.

तुमच्या गटानं काय वाचलं आणि कागदांत काय सापडलं, ते पुढच्या अंकासाठी जरूर लिहून पाठवा.